चेलोची आई

दर रविवारी सकाळी दहा ते एक मला स्वतःचं नाव नसतं. वांद्र्याच्या एका चर्चमागच्या हॉलमध्ये मी फक्त ‘चेलोची आई’ असते. माझ्या शेजारी क्रोशाचं विणकाम घेऊन बसते ती ‘सेकंड व्हायोलिनची आजी’, आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन ऑफिसची कामं उरकणारा तो ‘बासचा बाबा’. एकमेकांची आडनावं आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्गणी भरायची वेळ आली की कळतात.

मुलांचा स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा आहे हा. म्हणजे व्हायोलिन, तिच्याहून थोडा मोठा व्हायोला, त्याहून मोठा चेलो आणि मागे एकुलता एक डबल बास. बासरी नाही, ट्रम्पेट नाही, ड्रम नाही. माझ्या नणंदेला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “मग गातं कोण?” कुणीच गात नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत मांडवापुढे रफी-किशोरची गाणी, निवेदक आणि ‘वन्स मोअर’. त्यात तिची काही चूक नाही.

मी मुळात संगीतातली नाही. विमा कंपनीत हिशेबाचं काम करते. लेक आठवीत आहे, चेलो वाजवते. व्हायोलिन घेतली असती तर पाठीवर टाकून कुठेही गेली असती, पण तिने शाळेत एकदा चेलो पाहिला आणि झालं. चेलो घेऊन ठाण्याहून वांद्र्याला जाणं हा स्वतंत्र विषय आहे. रविवारी मेगाब्लॉक ठरलेला, त्यामुळे कधी स्लो, कधी फास्ट, कधी थेट रिक्षा-बस. लेडीज डब्यात चेलो घेऊन शिरलो की बायका अशा बघतात की आपण फ्रीज घेऊन चढलोय. शेवटी आम्ही लगेजचा डबा धरायला लागलो. तिथे मासळीच्या टोपल्या, फुलांच्या गोण्या आणि आमची पांढरी फायबरची पेटी. एका कोळीणमावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, “आत काय हाय, गिटार?” लेकीने सांगितलं, गिटारपेक्षा मोठं, बसून वाजवतात. मावशींना वाद्याशी काही देणंघेणं नव्हतं. “मंग उभी धर,” त्या म्हणाल्या, “खाली टोपलीचं पानी हाय.” तेव्हापासून दादरपर्यंत चेलो उभाच असतो.

ऑर्केस्ट्रा बसवणारे सर गोव्याचे, सालसेतचे. साठीच्या आसपास असतील. मुलांशी कोकणी, मराठी, इंग्रजी असं जे तोंडात येईल त्यात बोलतात, आणि रागावले की फक्त “कितें रे?” एवढंच म्हणतात, ते पुरतं. त्यांचे वडील ताडदेव-महालक्ष्मीच्या स्टुडिओंमध्ये हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. हे मला कळल्यावर जुनी गाणी ऐकण्याची माझी तऱ्हाच बदलली. अंतऱ्याच्या आधी जो व्हायोलिनचा लोट येतो, त्यामागे कागदावरचं नोटेशन वाचून वाजवणारी माणसं बसलेली असायची, आणि त्यातली कितीतरी गोव्याची. पोर्तुगीज काळापासून तिथे चर्चच्या शाळांमध्ये पोरांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, आणि व्हायोलिन शिकवत. ती पोरं मोठी होऊन मुंबईला आली, धोबीतलावच्या जेर महालसारख्या इमारतींमधल्या आपापल्या गावाच्या कुडांत (गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत) राहिली आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात शिरली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातलेच, ज्यांचं नाव पुढे एका हिंदी गाण्यामुळे घराघरांत पोचलं. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. 1958 साली या गोन्साल्विसांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात स्वतःच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम केला होता आणि त्यात गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. (नणंदबाईंना हे सांगायला हवं. गायला माणूस मिळाला.)

हॉलला एसी नाही. पंखे लावले की स्टँडवरचे कागद उडतात, बंद केले की मुलांची बोटं घामाने तारेवरून घसरतात. उपाय म्हणून प्रत्येक स्टँडला कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. एका स्टँडवर दोघं वाजवतात. प्रेक्षकांच्या बाजूचा वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा थांबून पान उलटतो, असा नियम आहे. आमच्याकडे आतल्याला आधी चिमटे काढायचे, मग पान, मग पुन्हा चिमटे. त्यात त्याचे चार-पाच बार (मात्रांचे ठरावीक गट) तरी जातात. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, कार्यक्रमाच्या एसी हॉलमध्ये त्याच आकसून सटकतात. सटकल्या तर खडू लावा, असं सरांनी शिकवलं, म्हणून माझ्या पर्समध्ये कायम पांढऱ्या खडूचा तुकडा असतो. निघताना दारात सर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात: “बो सैल केला?” बो म्हणजे गज; केस ताणलेले तसेच ठेवले तर त्याची काठी वाकते.

तर माझं काम. आया नुसत्या बसून गप्पा मारतात हे सरांना बघवलं नाही, म्हणून त्यांनी मला बोइंगवर बसवलं. म्हणजे असं: प्रत्येक सुरावर बो खाली ओढायचा की वर न्यायचा, हे गटातल्या सगळ्यांचं एकच असावं लागतं. पहिल्या स्टँडवरची मुलगी, म्हणजे लीडर, सरांशी बोलून ते ठरवते आणि आपल्या कागदावर पेन्सिलीने खुणा करते. डाउन बोची खूण म्हणजे खालची बाजू नसलेला चौकोन, अप बोची म्हणजे इंग्रजी व्ही. त्या खुणा मी बाकीच्या सगळ्या कागदांवर उतरवते. मग व्हायोला आणि चेलोचे लीडर त्यांच्या भागात जुळवून घेतात आणि तेही माझ्याकडे येतात. पुढच्या रविवारी सर म्हणतात, “हे चालत नाही, उलटं करा,” आणि मी खोडरबर काढते.

पहिले काही महिने मला हे निव्वळ दिसण्यासाठी आहे असं वाटायचं, कवायतीसारखं. मग एकदा सरांनी मुलांना तीच ओळ दोन प्रकारे वाजवायला लावली. आधी ज्याला जसं हवं तसं, नंतर सगळे डाउन बोने सुरू करून. माझ्यासारख्या बहिरीलाही फरक ऐकू आला. हाताजवळच्या टोकाने खाली ओढलेल्या बोमध्ये हाताचं वजन असतं, म्हणून तो आवाज भरीव निघतो. दुसऱ्या टोकाकडून वर येणारा हलका. सम जिथे पडते तिथे डाउन हवा. निम्मे वर आणि निम्मे खाली असतील तर सम पडतच नाही, नुसती सांडते. शिवाय एका स्टँडवर दोघांची दिशा उलटी असली की कोपर कोपराला लागतं आणि भांडणं होतात, तो भाग वेगळा.

आमच्या घरी या सगळ्याकडे संशयाने पाहणारे एक गृहस्थ आहेत: माझे सासरे, अप्पा. वय 82. तरुणपणी साताऱ्याला असताना व्हायोलिन शिकले होते, आपल्या पद्धतीने, मांडी घालून, वाद्याचं डोकं पावलावर टेकवून. पंडित व्ही. जी. जोग हे त्यांचं दैवत. जोग मूळ वाईचे, म्हणजे जवळजवळ घरचेच. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईबरोबरची जोगांची जुगलबंदी अप्पा अजून महिन्यातून एकदा तरी लावतात. नातीचा ऑर्केस्ट्रा त्यांनी आधी मोबाइलवर पाहिला.

“सगळ्यांचा गज एकदम वर, एकदम खाली? ठरवून?”

“हो अप्पा, आईच ठरवते,” लेक म्हणाली, तिला उगीच मोठेपणा द्यायची सवय आहे.

“मग ज्याला सुचेल त्याने काय करायचं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि यंदाच्या सोलोच्या भानगडीत तोच प्रश्न वेगळ्या रूपाने समोर आला.

गेल्या पावसाळ्यात सरांनी जाहीर केलं की यंदाच्या कार्यक्रमात मुलांमधलेच सोलोइस्ट, म्हणजे ऑर्केस्ट्रापुढे एकट्याने वाजवणारे, असतील. त्या रविवारी हॉलमधली हवा बदलली. आपल्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्या मुलांचं मोजमाप ग्रेडवर होतं. ट्रिनिटीची किंवा असोसिएटेड बोर्डाची परीक्षा, ग्रेड एक ते आठ, मेरिट, डिस्टिंक्शन. या परीक्षा एकट्याने द्यायच्या असतात, तीन-चार तुकडे घोटून. ऑर्केस्ट्रात किती वर्षं सेकंड व्हायोलिन वाजवलं याचं सर्टिफिकेट मिळत नाही. त्यामुळे सोलो म्हटल्याबरोबर पालकांच्या मनात लगेच यादी तयार झाली: कोणाची कितवी ग्रेड, कोणाला किती मार्क. टीव्हीवरच्या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धांनी आपल्या डोक्यात एक भलतंच खूळ भरवून ठेवलंय, की मूल हुशार असेल तर ते प्रकाशझोतात एकटं उभं दिसलं पाहिजे.

सरांनी निवडली इटालियन संगीतकार व्हिवाल्डीची बी मायनरमधली कॉन्चेर्टो (सोलोइस्ट आणि ऑर्केस्ट्रा मिळून वाजवायची रचना), चार व्हायोलिनची. ‘ल एस्त्रो आर्मोनिको’ नावाच्या बारा कॉन्चेर्टोंच्या संचातली ही दहावी. 1711 साली अ‍ॅमस्टरडॅमला छापली. त्या संचात चौघांसाठी, दोघांसाठी आणि एकासाठी अशा कॉन्चेर्टो आळीपाळीने येतात. चार सोलोइस्ट म्हटल्यावर मला वाटलं तंटा मिटला. कसला मिटतोय! ग्रुपवर रात्री अकरा वाजता मेसेज: ‘फोर सोलोइस्ट ओके, बट फर्स्ट कोण?’

पुढच्या रविवारी एक बाबा सरांना चहाच्या वेळी गाठून बसले. मुलाला ग्रेड आठमध्ये डिस्टिंक्शन, आणि त्याला चौथं व्हायोलिन? सर काही बोलले नाहीत. हॉलच्या कोपऱ्यात टेबल टेनिसचं टेबल पडलेलं असतं, त्यावर त्यांनी चारही भागांचे कागद शेजारी शेजारी मांडले आणि त्या बाबांना म्हणाले, “यातला चौथ्या नंबरचा कुठला ते वरचा आकडा न बघता सांगा.” आम्हीही सगळे माना घालून बघायला लागलो. मला बोइंग उतरवून उतरवून थोडंफार वाचता येतं. कुणालाही छातीठोकपणे सांगता येईना. चौघांनाही एकट्याने पुढे यायच्या जागा आहेत, चौघांनाही धावपळ आहे, आणि चौघंही अधूनमधून दुसऱ्याच्या मागे थांबतात. चेलोलासुद्धा वेगळा, चांगला अवघड भाग लिहिलाय, हे मी आपलं जाता जाता नमूद करते.

मग सरांनी आठ मुलांना घेतलं आणि प्रत्येकाला चारपैकी दोन भाग बसवायला सांगितले. कार्यक्रमात कोण कुठला वाजवणार हे अगदी शेवटी ठरणार होतं. पालक हवालदिल. मुलं मात्र खुशीत, कारण त्यांना एकमेकांचे भाग चोरून वाजवायचा नाद लागला.

व्हिवाल्डीबद्दल मी घरी येऊन वाचत बसले. हा माणूस पंचविसाव्या वर्षी, 1703 साली, पाद्रीपदाची दीक्षा घेतल्यावर काही महिन्यांतच व्हेनिसच्या ‘ऑस्पेदाले देल्ला पिएता’ या अनाथालयात व्हायोलिनचा मास्तर म्हणून लागला. वर्षाला 60 डुकाट पगार. टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांना ठेवायला तिथे भिंतीत एक कोनाडा होता. काही आया बाळाबरोबर अर्धं कापलेलं पदक किंवा चित्राचा अर्धा तुकडा ठेवायच्या, म्हणजे पुढेमागे न्यायला आलं तर उरलेला अर्धा जुळवून ओळख पटेल. त्यातल्या ज्या मुलींच्या अंगात संगीत असेल त्यांना निवडून शिकवत. त्यांचा वाद्यवृंद आणि गायनवृंद इतका नावाजला की युरोपभरचे प्रवासी ऐकायला यायचे. वाजवणाऱ्या मुली वर सज्जात जाळीआड. प्रेक्षकांना आकृत्या दिसणार, चेहरे नाहीत.

या मुलींना आडनावं नव्हती. ज्या वाद्यात हात बसला त्याचं नाव लागायचं. त्यांच्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे आना मारिया ‘दाल व्हायोलिन’. तान्ही असताना तिथे आली आणि 1782 मध्ये वारली तीही तिथेच. व्हिवाल्डीने तिच्यासाठी कितीतरी कॉन्चेर्टो लिहिल्या, आणि तिच्या नावाची सुरावटींची वही व्हेनिसच्या संगीत महाविद्यालयात अजून जपून ठेवलेली आहे. पुढे ती स्वतःच तिथे शिकवायला लागली. आमच्या हॉलमध्ये वाद्यावरून ओळखतात ते पालकांना, वाजवणाऱ्यांना नव्हे. काळ बदलला तो असा.

मला सगळ्यात आवडलं ते मात्र कार्यकारी मंडळाचं प्रकरण. मास्तराला ठेवायचं की नाही यावर तिथे दरवर्षी मतदान व्हायचं. 1709 साली व्हिवाल्डी सात विरुद्ध सहा मतांनी पडला. एका मताने! आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत वॉचमनची नोकरी जाते तशी त्याची गेली. दोन वर्षांनी, 1711 मध्ये, त्याला परत बोलावलं, तेव्हा एकमताने. ही चार व्हायोलिनवाली कॉन्चेर्टो छापून आली ती त्याच वर्षी. हे मी ग्रुपवर टाकलं. त्या बाबांनी अंगठा दाखवला. कोणत्या अर्थाने ते कळलं नाही.

वीसेक वर्षांनी लाइपझिगमध्ये जर्मन संगीतकार बाखने हीच कॉन्चेर्टो घेऊन चार हार्पसिकॉर्डसाठी (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) लिहिली. त्याच्याकडे तेव्हा विद्यार्थ्यांच्या एका वादकमेळ्याची जबाबदारी होती, आणि ती पोरं दर आठवड्याला झिमरमानच्या कॉफी हाउसमध्ये वाजवायची. एका खोलीत चार हार्पसिकॉर्ड जमवायचे म्हणजे आमच्या डबल बासची ने-आण काहीच नाही.

कॉन्चेर्टोचा मधला संथ भाग बसवताना मात्र खरी गंमत आली. तिथे एक जागा अशी आहे की सुरावट म्हणावी असं काहीच नाही. नुसते कॉर्ड, म्हणजे एकत्र जुळणाऱ्या सुरांचे गट, एकामागून एक सरकत जातात आणि चारही सोलोइस्ट तेच कॉर्ड फोडून वाजवतात, एकाच वेळी, पण प्रत्येकाच्या बोची चाल वेगळी लिहिलेली. एकाने सूर एका बोमध्ये जोडून न्यायचे, दुसऱ्याने सुटे सुटे तोडायचे, तिसऱ्याचे गट निराळे, चौथ्याच्या सुरांची गती निराळी. माझी पंचाईत अशी की इतके महिने मी सगळ्यांच्या खुणा एकसारख्या करत आले, आणि इथे चार कागदांवर चार प्रकारच्या. मी सरांना दोनदा विचारलं, नक्की ना? मग मुलांनी वाजवलं. एकेकट्याने वाजवलं तर रियाजातला पलटा वाटावा इतकं साधं. चौघांचं एकत्र ऐकलं तर आवाज सतत लकाकत हलत राहतो आणि कोण काय करतंय ते वेगळं काढताच येत नाही. सरांनी ती जागा पुन्हा पुन्हा घेतली. एक मुलगा दर वेळी शेजारणीच्या चालीत घसरायचा. सरांनी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि बाकीच्या तिघांना त्याच्या अंगावर येऊन वाजवायला लावलं. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तो टिकला आणि वळून असा हसला, की काही विचारू नका.

रात्री लेकीने रेकॉर्डिंग अप्पांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं. “चौघांचं वेगळं चाललंय,” ते म्हणाले. लेक म्हणाली, हो. “लिहून दिलेलं?” हो. “बरं,” म्हणाले आणि पुन्हा लावायला सांगितलं.

सर कधीकधी मधेच थांबतात, पेन्सिल (तालमीत ते बॅटन वापरत नाहीत) कानावर ठेवतात आणि मागे येऊन आमच्यात बसतात. “वाजवा,” म्हणतात आणि चहा घेतात. मुलं आधी बावरतात, मग लीडरच्या खांद्याकडे, तिच्या श्वासाकडे बघायला लागतात. व्हिवाल्डीच्या काळी काठी हलवणारा कंडक्टर नव्हताच. व्हायोलिन वाजवणाराच पुढाकार घ्यायचा. फ्रान्सच्या दरबारात लुली नावाचा संगीतकार मोठी काठी जमिनीवर आपटून ठेका धरायचा. ती एकदा पायावर बसली, जखम चिघळली आणि 1687 मध्ये तो त्यातच गेला. ही गोष्ट सरांनी सांगितल्यापासून मुलं त्यांच्या पेन्सिलीकडे आदराने बघतात.

दुसरी गोष्ट मिदोरी या जपानी व्हायोलिनवादिकेची. 1986 च्या जुलैत अमेरिकेतल्या टँगलवूडला चौदा वर्षांची मिदोरी बोस्टन सिम्फनीबरोबर वाजवत होती. अमेरिकन संगीतकार बर्नस्टाइनचीच रचना आणि कंडक्टरही बर्नस्टाइन. तिची ई तार, म्हणजे सगळ्यात बारीक तार, तुटली. तिने वळून कॉन्सर्टमास्टरचं, म्हणजे पहिल्या स्टँडवरच्या लीडरचं, व्हायोलिन घेतलं, तिच्या स्वतःच्यापेक्षा मोठं. थोड्या वेळाने त्याचीही ई तार तुटली. मग तिसरं व्हायोलिन घेऊन तिने तुकडा पूर्ण केला. न्यूयॉर्क टाइम्सने बातमी पहिल्या पानावर छापली. सोलोइस्टची तार तुटली तर पहिल्या स्टँडवरच्याने आपलं वाद्य पुढे करायचं, हा रिवाजच आहे. पण सर एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी कवायत सुरू केली. चालू वादनात कधीही ते “तार!” म्हणून ओरडायचे. सोलोइस्टने व्हायोलिन मागे द्यायचं, लीडरचं घ्यायचं. लीडरने मागच्याचं, त्याने त्याच्या मागच्याचं. शेवटच्या स्टँडवरच्या दहा वर्षांच्या पोराच्या हातात ‘तुटलेलं’ व्हायोलिन, त्याने ते घेऊन विंगेत पळायचं आणि तार बदलून आणायची. त्या पोराचे ऑर्केस्ट्रात एरवी कोणी नाव घेत नसे. एका महिन्यात ई तार बदलण्यात त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही. धोबीतलावच्या फुर्तादोमधून तारांची पाकिटं आणायला तो स्वतः आईला घेऊन गेला.

मेहली मेहतांचं नावही सर अधूनमधून काढतात. झुबिन मेहता सगळ्यांना माहीत असतात, त्यांचे वडील नाही. मुंबईत 1935 साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे ते. पुढे मँचेस्टर, फिलाडेल्फिया करत लॉस एंजेलिसला पोचले आणि 1964 मध्ये, पंचावन्न उलटल्यावर, तिथे अमेरिकन यूथ सिम्फनी सुरू केली. नव्वदीपर्यंत ती चालवली. सर हे सांगतात तेव्हा त्यांना स्वतःच्या वयाचा हिशेब मांडायचा असतो, असा मला दाट संशय आहे.

सगळंच मला पटलं असं नाही. आठांतली एक मुलगी, अकरा वर्षांची, मीरा रोडहून येते, ती बाकीच्यांच्या फार पुढे आहे. हे ग्रेडवरून नाही म्हणत. ती वाजवायला लागली की सेकंड व्हायोलिनच्या आजींचं विणकाम थांबतं. तिला तिसरं व्हायोलिन मिळालं. तिला एकदा पूर्ण कॉन्चेर्टो एकटीला द्यायला हवी होती, असं मला अजून वाटतं. ज्याला सुचेल त्याने काय करायचं, हा अप्पांचा प्रश्न तिच्या बाबतीत खरा आहे. मी सरांना तसं म्हटलं. “मॅडम, अकरा वर्षांची आहे ती,” एवढंच म्हणाले. त्यांना घाई नाही. त्यांच्या जागी असते तर मी घाई केली असती.

कार्यक्रम जानेवारीत झाला, दक्षिण मुंबईतल्या एका शाळेच्या सभागृहात. पहिलं बेंजामिन ब्रिटन या इंग्लिश संगीतकाराच्या ‘सिंपल सिम्फनी’तलं पिझिकातो, ज्यात कोणी बो हातात घेतच नाही, सगळं बोटांनी. ब्रिटनने ही सिम्फनी विशीत, 1934 च्या सुमारास लिहिली, पण त्यातल्या चाली त्याच्या नऊ ते बारा या वयातल्या. आमच्या मुलांना हे फार भावलं होतं. एकाने घरी तीन पानांची ‘सिम्फनी’ लिहून सरांना दिली. सरांनी ती परत न देता फाइलला लावली.

स्टेज नुकतंच पॉलिश केलेलं. चेलोच्या तळाची अणकुचीदार टेकण लाकडावर ठरेना. मी अप्पांचा जुना कातडी पट्टा खुर्चीच्या पायाला बांधून त्याच्या भोकात ती टेकण बसवली. पट्टा त्यांनी प्रेक्षकांतून ओळखला.

व्हिवाल्डी चांगला झाला. पहिल्या भागात थोडी घाई झाली, मधला भाग मात्र जसा तालमीत कधीच झाला नव्हता तसा झाला. एका ठिकाणी ग्रेड आठवाला मुलगा, शेवटी त्याच्या वाट्याला चौथंच आलं होतं, एक बार आधीच शिरायला निघाला. तिसऱ्या व्हायोलिनवाल्या मुलीने वाजवता वाजवताच वाद्याचं डोकं थोडं वर करून त्याला थांबवलं आणि मग मान हलवून आत घेतलं. हे स्टेजसमोरच्या पहिल्या दोन रांगांना दिसलं असेल, बाकीच्यांना नाही. तार एकही तुटली नाही. शेवटच्या स्टँडवरचा पोरगा खिशात दोन ई तारा घेऊन पूर्ण वेळ टपून बसला होता. नंतर इतका हिरमुसला की आईस्क्रीमवरही समजूत पटेना.

शेवट इंग्लिश संगीतकार होल्स्टच्या ‘सेंट पॉल्स सूट’च्या अखेरच्या भागाने. लंडनच्या ज्या मुलींच्या शाळेत होल्स्ट संगीत शिकवायचा, तिथल्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेला हा. शाळेने त्याला काम करायला आवाजबंद खोली बांधून दिली, 1913 साली, त्याबद्दलची परतफेड. इंग्लंडच्या दोन जुन्या चाली त्यात एकमेकींवर चढवलेल्या आहेत; एक गिरकी घेणारी, आणि तिच्या अंगावरून चेलो दुसरी, लांबलचक, शांतपणे नेतात. तेवढ्यापुरतं सगळ्या सभागृहाने चेलोंकडे बघितलं. मी बोइंगच्या खुणा बरोबर उतरवल्या होत्या.

टॅक्सीत अप्पा पुढे बसले. भायखळा येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सूर लावायला पाच मिनिटंसुद्धा घेतली नाहीत. आमच्याकडे तेवढ्यात अर्धा श्रोता उठून जातो.” पट्टा परत कधी मिळणार, हेही विचारलं.

पुढच्या सत्रात जर्मन संगीतकार टेलेमानची व्हायोला कॉन्चेर्टो आहे. व्हायोलासाठी लिहिलेल्या सगळ्यात जुन्या कॉन्चेर्टोंपैकी ती एक. सोलोइस्ट एकच. व्हायोला हे वाद्य आजवर आमच्याकडे उंच मुलांच्या गळ्यात मारलं जायचं, ‘तुझे हात लांब आहेत ना’ असं सांगून. आता सरांकडे व्हायोला हवा म्हणून रांग लागली आहे, आणि मीरा रोडची मुलगी त्या रांगेत सगळ्यांत पुढे आहे. तिची उंची पाहता तिला लहान मापाचा व्हायोला शोधावा लागेल.

आणि आमची लेक दिवाळीनंतर ताडकन वाढली, त्यामुळे तिला आता फुल साइज चेलो लागणार. थ्री-फोर्थ विकायचा आहे. फायबरची पेटी, बो आणि राळेचा नवा गोळा बरोबर देऊ. तारा मागच्या जूनमध्ये बदलल्या आहेत, एक खुंटी एसीत सटकते, पण खडू लावला की ऐकते. कुणाला हवा असेल तर खाली कळवा. ठाणे पूर्वेला येऊन बघता येईल, फक्त रविवारी सकाळी आम्ही घरी नसतो.